तोफखान्याचा मान आणि चिमाजी अप्पा

पायदळाच्या पलटणीला निशाण असते आणि पलटणीने गाजविलेल्या लढायांची नावे त्या निशाणावर विणलेली असतात. तोफखान्याची रीत निराळी आहे. तेथे तोफ हेच निशाण मानले जाते. निशाणाला द्यावयाचा मान तोफेला दिला जातो आणि ती शत्रूच्या हाती पडणे ही निशाण गमावण्याइतकीच नामुष्की समजली जाते. भारतीय तोफखान्याच्या ब्रीदाचा पहिलाच शब्द सर्वत्र असा आहे. जो सर्वत्र लढतो त्याने कोणकोणत्या रणांगणांची नावे मिरवावीत, असा त्यामागील अभिमान आहे. हा तोफखाना दरवर्षी २८ सप्टेंबरला आपला स्थापनादिन पाळतो. १८२७ साली त्या दिवशी मुंबई इलाख्याच्या लष्करात गोलंदाजांची जी तुकडी उभी राहिली, ती पुढे पाचवी (बॉम्बे) माउंटन बॅटरी म्हणून नावारूपास आली आणि तिच्यापासून ही परंपरा मोजली जाते. मराठी मुलखातील गोलंदाजीचा इतिहास मात्र त्याहून जुना आहे. १८२७ च्या अठ्ठ्याऐंशी वर्षे आधी, आजच्या मीरा-भाईंदर शहराच्या पश्चिम टोकाला आणि समोरच्या वसईत, मराठी तोफांनी व सुरुंगांनी एका युरोपीय सत्तेची दोन शतकांची मुळे उखडली. त्या तोफांना पलटणीचे नाव नव्हते आणि त्यांच्या गोलंदाजांची गौरवयादीही कोणी ठेवली नाही. त्यांचा मान एका माणसाच्या चरित्रातच शोधावा लागतो. तो माणूस म्हणजे चिमाजी बल्लाळ, अर्थात चिमाजी अप्पा.

श्रीवर्धनच्या भट घराण्यातील बाळाजी विश्वनाथ आणि राधाबाई यांचे हे धाकटे चिरंजीव. जन्म १७०७ च्या सुमाराचा. थोरले बंधू बाजीराव त्यांच्याहून सुमारे सात वर्षांनी मोठे. १७२० मध्ये बाळाजी विश्वनाथ निवर्तले आणि शाहू महाराजांनी पेशवेपदाची वस्त्रे बाजीरावांना दिली. तेव्हापासून पुढील वीस वर्षे अप्पांचे आयुष्य थोरल्या भावाच्या पाठीशी उभे राहण्यात गेले. बाजीराव मोहिमेवर असत तेव्हा पुण्याचा कारभार, सातारच्या दरबारातील संधान, सरदारांच्या कुरबुरी, फौजेची बेगमी आणि सावकारांची देणी ही सारी ओझी बहुतेक करून अप्पांच्या अंगावर पडत. गरज पडेल तेव्हा तेच हाती तलवार घेऊन निघत. लष्करात ज्याला राखीव दल म्हणतात त्याचे काम काहीसे असेच असते. आघाडीचे नाव दुसऱ्याचे आणि निकराच्या क्षणी भार मात्र याच्यावर.

अप्पा केवळ कारभारी नव्हते, हे त्यांनी तरुणपणीच दाखवून दिले होते. २९ नोव्हेंबर १७२८ रोजी माळव्यात अमझेरा येथे त्यांच्या फौजेने गिरिधर बहादूर आणि दया बहादूर या मोगल सरदारांचा पराभव केला. दोघेही तेथे पडले आणि माळव्याचे दार मराठ्यांना उघडे झाले. अप्पांचे वय तेव्हा जेमतेम एकवीस वर्षांचे होते. १७३० साल त्यांच्या संसाराला सुखाचे आणि दुःखाचेही ठरले. त्या वर्षी पुत्र सदाशिवराव जन्मास आले आणि थोड्याच दिवसांत पत्नी रखमाबाई कालवश झाल्या. एप्रिल १७३६ मध्ये कोकणात जंजिऱ्याच्या सिद्दीविरुद्धच्या लढाईत सिद्दी सात मारला गेला, तो विजयही अप्पांचाच. परंतु ही सारी मैदानी युद्धे होती. पुढे जे काम त्यांच्या वाट्यास आले त्याची जात वेगळी होती.

त्या काळच्या मराठी युद्धनीतीचा प्राण घोडा हा होता. १७२८ च्या आरंभी पालखेड येथे बाजीरावांनी निजामाला कोंडीत पकडले ते वेगाच्या बळावर. पाठलागाच्या नादात आपला जड तोफखाना मागे ठेवण्याची पाळी निजामावर आली आणि तेथेच त्याचा घात झाला. तोफ म्हणजे लोढणे आणि घोडा म्हणजे विजय, असे समीकरण अशा अनुभवांतून रूढ झाले असल्यास नवल नाही. मात्र या समीकरणाला एक मर्यादा होती. दलदल, खाडी आणि दगडी तट यांच्यापुढे घोडा निरुपयोगी ठरतो. उत्तर कोकणात या तिन्ही गोष्टी एकत्र होत्या आणि त्यांच्या आड पोर्तुगीज बसले होते.

१५३४ मध्ये गुजरातच्या बहादूरशहाने वसई आणि तिच्या भोवतालची बेटे पोर्तुगिजांना दिली, तेव्हापासून दोनशे वर्षांहून अधिक काळ हा मुलूख त्यांच्या अमलाखाली होता. उत्तरेचा प्रांत म्हणून तो ओळखला जाई आणि वसई ही त्याची राजधानी होती. धर्माच्या बाबतीत ही राजवट कठोर होती. देवळे पाडली गेली होती, उघड पूजाअर्चेवर बंधने होती आणि इन्क्विझिशनचा धाक होता. अंजूरचे नाईक बंधू आणि मालाडचे अंताजी रघुनाथ कावळे यांच्यासारख्या स्थानिक मंडळींनी पुण्याकडे दाद मागितली होती. साष्टी बेट, ठाण्याची खाडी आणि वसईचे बंदर यांचे व्यापारी व लष्करी महत्त्व पुण्यालाही ठाऊक होते. श्रद्धेचा आणि राज्यव्यवहाराचा असा दुहेरी हेतू या मोहिमेमागे होता.

मार्च १७३७ च्या अखेरीस मोहिमेला तोंड लागले. त्याच सुमारास बाजीराव दिल्लीच्या वेशीवर धडकले होते. एक भाऊ काही दिवसांत शेकडो कोस कापून बादशहाला हादरवीत होता आणि दुसरा भाऊ खाडीच्या चिखलातून एकेक ठाणे पुढे सरकत होता. ठाण्याचा अपुरा बांधलेला किल्ला हाती आला, घोडबंदर पडले, अर्नाळा मिळाला आणि साष्टीचा बहुतेक भाग ताब्यात आला. पण वसईच्या तटाने त्या वर्षी दाद दिली नाही. पुढे बाजीराव भोपाळला निजामाशी गुंतले, फौज तिकडे वळवावी लागली आणि कोकणातील काम रेंगाळले. त्याच काळात पोर्तुगिजांनी काही ठाणी परत मिळविली. १७३८ च्या अखेरीस त्यांचा सेनापती पेद्रू द मेलू ठाणे परत घेण्यासाठी आरमार घेऊन आला. परंतु मराठ्यांच्या तोफेच्या गोळ्याने तो ठार झाला आणि तो हल्ला फसला. घोडेस्वारांच्या राज्यात तोफेचे मोल सिद्ध करणारा हा प्रसंग होता.

मीरा-भाईंदरच्या इतिहासाचे महत्त्वाचे पान या टप्प्यावर उलगडते. वसईच्या खाडीच्या दक्षिण तीरावर उत्तन, डोंगरी, चौक, गोराई, मनोरी या गावांचा जो पट्टा आहे, तो पूर्वी धारावी बेट म्हणून ओळखला जाई. मुंबईतील आजच्या धारावीशी त्याचा संबंध नाही. या बेटाच्या उत्तर टोकाची टेकडी खाडीच्या मुखावर उभी आहे आणि समोरच वसईचा किल्ला आहे. या टेकडीच्या खाणींतील काळा दगड वसईतील इमारतींना पुरविला गेला होता. त्या टेकडीवर ज्याच्या तोफा असतील, त्याच्या परवानगीवाचून खाडीत गलबत शिरू शकत नसे. वसईला दाणागोटा आणि दारूगोळा मिळण्याची एक महत्त्वाची वाट तेथे आवळता येत होती. मराठ्यांनी १७३७ मध्येच हे ओळखून टेकडीवर ठाणे वसविण्यास आरंभ केला. पोर्तुगिजांनाही तिचे मोल पुरेपूर माहीत होते आणि मध्यंतरी ती त्यांनी परत मिळविली. एका लहानशा टेकडीसाठी झालेली ही झोंबाझोंबी पाहिली म्हणजे दोन्ही पक्ष तिला काय किंमत देत होते हे कळते. अखेर मार्च १७३९ मध्ये धारावी पुन्हा मराठ्यांच्या हाती आली आणि वसईचा श्वास कोंडला.

अप्पांच्या सेनापतित्वाचे खरे मर्म या आखणीत आहे. १७३९ च्या आरंभी त्यांनी वसईवर एकदम झेप घेतली नाही. आधी उत्तरेकडील माहीम, तारापूर, अशेरी ही ठाणी घेतली. तारापूरच्या तटावर बाजी भिवराव रेठरेकर हा मोलाचा सरदार कामी आला. दक्षिणेकडे मानाजी आंग्रे यांनी उरण घेतले. गोव्याहून कुमक निघू नये म्हणून व्यंकटराव घोरपडे यांनी गोव्याच्या साष्टी प्रांतात उतरून मडगाव काबीज केले आणि गोवेकर सरकारला घरच्या चिंतेत अडकविले. मुंबईकर इंग्रजांनी पोर्तुगिजांना किरकोळ मदतीपलीकडे काही दिले नाही. एका किल्ल्याभोवती जमिनीवरून, पाण्यातून आणि शेकडो मैल दूरच्या रणांगणातून असा फास आवळला गेला. हा नकाशा ज्याच्या डोक्यात होता तो माणूस त्या वेळी छातीच्या जुनाट विकाराने जर्जर झालेला होता.

फेब्रुवारी १७३९ मध्ये वेढा सुरू झाला आणि मेपर्यंत चालला. किल्ल्याच्या तीन अंगांना पाणी अथवा दलदल. चालून जाण्याजोगी वाट काय ती उत्तरेकडून. तेथे बेलदारांनी खंदक खणत मोर्चे पुढे न्यायचे, दमदमे रचायचे, त्यांवर तोफा चढवायच्या आणि तटाच्या पायात सुरुंग पोचवायचे. हे सारे वरून तोफा आणि बंदुकांचा भडिमार होत असताना करावयाचे. दिवसभराच्या खणण्यात काही हातांची प्रगती व्हावी आणि रात्री शत्रूने ती पुसून टाकावी, असा हा कष्टाचा व्यवहार असतो. याच वेळी उत्तरेतून भयंकर वार्ता येत होत्या. नादिरशहा दिल्लीत शिरला होता, शहराची कत्तल झाली होती आणि बाजीरावांना फौजेची निकड होती. मल्हारराव होळकर, राणोजी शिंदे यांच्यासारखे नामवंत सरदार वसईच्या चिखलात अडकून पडले होते. वेढा उठवून उत्तरेकडे निघावे, असे म्हणण्यास सबळ कारण होते. अप्पांनी वेढा उठविला नाही. एकदा माघार घेतलेल्या किल्ल्यावरून दुसऱ्यांदा माघार घेतली, तर उत्तर कोकणातील सगळी मिळकत हातची जाईल, हे त्यांनी जाणले होते.

शेवटच्या हल्ल्याविषयी एक आख्यायिका महाराष्ट्रात पिढ्यान्पिढ्या सांगितली जाते. किल्ला हाती येत नसेल तर तोफेच्या तोंडी बांधून आपले मस्तक तरी वसईत पडेल असे करा, असे अप्पांनी सरदारांना सुनावले, ही ती कथा. ती शब्दशः खरी असो वा नसो, लोकांच्या आठवणीत अप्पांचे नाव तोफेशी जोडले गेले, हे तिच्यातून दिसते. प्रत्यक्ष हल्ला या आख्यायिकेपेक्षाही भीषण होता. सुरुंग उडाले, तट ढासळला आणि मराठे खिंडाराकडे धावले. इतक्यात मागे राहिलेला सुरुंग उडाला आणि आपलेच पुष्कळ लोक दगडांखाली गाडले गेले. तरीही दुसऱ्या दिवशी पुन्हा चढाई झाली. सान सेबास्तियन बुरुजाच्या खिंडारात मराठ्यांनी पाय रोवले, तेव्हा किल्लेदार काएतानू द सोझा परैरा याने शरणागतीची बोलणी लावली. जुन्या दिनगणनेप्रमाणे ५ मे आणि आजच्या गणनेप्रमाणे १६ मे १७३९ रोजी तह ठरला. मराठ्यांचे पाच हजारांहून अधिक लोक या वेढ्यात मेले वा जखमी झाले आणि पोर्तुगिजांचे सुमारे आठशे, असा हिशेब ग्रँट डफने नोंदविला आहे. ही तफावत पाहिली की या विजयाची किंमत कळते. बखरींत आणि पत्रांत सरदारांची नावे आहेत. या पाच हजारांतील बहुतेकांची नावे कोठेच नाहीत.

इतके रक्त सांडल्यावर विजेत्याने सूड घेतला असता, तर त्या काळाच्या रीतीत त्याचे फारसे नवल वाटले नसते. अप्पांनी घातलेल्या अटी वेगळ्या होत्या. पोर्तुगीज शिबंदीला हत्यारांसह, ताशे वाजवीत, सन्मानाने बाहेर पडू दिले गेले. कुटुंबांना आपली चीजवस्त नेण्याची मुभा मिळाली आणि निघून जाण्यासाठी आठवड्याची सवड दिली गेली. मागे राहणाऱ्या ख्रिस्ती रयतेला आपला धर्म पाळण्याचे वचन देण्यात आले आणि काही चर्चे त्यांच्याकडे ठेवण्यात आली. ज्या राजवटीच्या धर्मछळाविरुद्ध हे युद्ध पेटले होते, तिच्या पराभवाच्या तहात पराभूतांच्या धर्माला अभय मिळावे, ही गोष्ट लहान नव्हे. सगळेच सौम्यपणाने घडले असे मात्र नाही. अनेक चर्चे ओस पडली आणि त्यांच्या घंटा विजयचिन्हे म्हणून घाटावर गेल्या. तरीही उत्तन, डोंगरी, गोराई आणि वसई या परिसरातील मराठीभाषी ख्रिस्ती समाज आपली बोली, आपले सण आणि आपली चर्चे घेऊन आजही तेथेच नांदतो आहे, ही त्या कलमाची जिवंत साक्ष होय.

विजयानंतर अप्पांना विसावा लाभला नाही. इंग्रजांशी तह, चौलचा प्रश्न, आंग्रे बंधूंचा कलह आणि मस्तानीच्या प्रकरणाने घरात माजलेले वादळ, अशा अनेक गुंत्यांत त्यांचे उरलेले दिवस गेले. मस्तानीच्या बाबतीत त्यांनी धरलेला कठोरपणा चरित्रकाराला झाकता येणार नाही. भावावरील निष्ठा आणि घराण्याची रूढी यांच्या ओढाताणीत त्यांनी रूढीची बाजू घेतली. २८ एप्रिल १७४० रोजी नर्मदाकाठी रावेरखेडी येथे बाजीराव निवर्तले. ती बातमी अप्पांना कोकणातील मोहिमेवर असताना मिळाली. पुतण्या नानासाहेबांना पेशवेपद मिळवून देण्याचे काम त्यांनी पार पाडले आणि १७ डिसेंबर १७४० रोजी त्यांनीही जगाचा निरोप घेतला. वय अवघे तेहतीस. दुसऱ्या पत्नी अन्नपूर्णाबाई सती गेल्या. दहा वर्षांचे सदाशिवराव पोरके झाले. पुण्यात ओंकारेश्वराच्या सान्निध्यात अप्पांची समाधी आहे.

अप्पांच्या या पुत्राने पुढे तोफखान्यावर भिस्त ठेवली. इब्राहिमखान गारद्याच्या तोफांच्या बळावर १७६० मध्ये उदगीरला निजामाला नमविणारे आणि १४ जानेवारी १७६१ रोजी पानिपतावर पडलेले सदाशिवरावभाऊ ते हेच. तोपर्यंत तोफखाना ही पेशवाईतील स्वतंत्र शाखा झाली होती आणि पानशांसारखे घराणे त्यात नावारूपास आले होते. परंतु घोड्याची आणि तोफेची चाल एकमेकींत कशी बसवावी, या प्रश्नाचे समाधानकारक उत्तर मराठ्यांना शेवटपर्यंत सापडले नाही. वसईला ते सापडले होते, कारण तेथे सेनापतीने वेळ दिला, जागा अचूक निवडली आणि आरमार, बेलदार, सुरुंगवाले व गोलंदाज यांना एकाच योजनेत गुंफले. तोफ विकत घेता येते. तिच्यामागची ही शिस्त विकत मिळत नाही. वसईचा हा धडा पुढच्या पिढ्यांनी विजयोत्सवात ऐकला आणि कारभारात विसरला.

या विजयाची मानचिन्हे महाराष्ट्रात विखुरलेली आहेत. नाशिकच्या नारोशंकराच्या देवळात, भीमाशंकरला आणि मेणवलीला वसई मोहिमेतल्या म्हणून ओळखल्या जाणाऱ्या घंटा आहेत. वज्रेश्वरीचे मंदिर या विजयाच्या नवसाचे म्हणून प्रसिद्ध आहे. योगायोग असा की, ज्या नाशिकमध्ये ही घंटा आहे त्याच्याच शेजारी देवळालीला भारतीय तोफखान्याचे प्रशिक्षण विद्यालय आहे. पण घंटा विजयाचा नाद तेवढा ऐकवते. तो कसा मिळाला, कोणत्या टेकडीवरून मिळाला आणि कोणत्या शब्दाने त्याचा शेवट झाला, हे ती सांगत नाही. ते जेथे घडले त्या जागांकडेच गेले पाहिजे. धारावीच्या टेकडीवर चौक गावाजवळ त्या ठाण्याचे अवशेष आहेत. घोडबंदरचा किल्लाही याच शहरात येतो. भाईंदर आणि नायगाव यांच्यामधील खाडीपुलावरून रोज लाखो प्रवासी जातात आणि त्यांतील पुष्कळांना ही खाडी कोणत्या युद्धाची साक्षीदार आहे याची कल्पना नसते.

२००२ मध्ये महानगरपालिका झालेले मीरा-भाईंदर हे बाहेरून आलेल्या माणसांचे शहर मानले जाते. अशा शहराला इतिहास नसतो, असा एक समज असतो. प्रत्यक्षात वसईच्या वेढ्याची एक महत्त्वाची चावी याच शहराच्या हद्दीत होती. त्या अवशेषांची शास्त्रशुद्ध मोजणी आणि नोंद व्हावी, तेथील प्रत्येक दगड जुन्या रचनेप्रमाणेच राखला जावा, आणि शहरातील शाळांनी इतिहासाचा एक तास त्या टेकडीवर घ्यावा, एवढी अपेक्षा अवाजवी नाही. तेथे उभारावयाच्या कोणत्याही फलकावर विजयाच्या तारखेखाली तहातील धर्मरक्षणाचे कलमही लिहिले जावे. नाहीतर अप्पांचे अर्धेच चरित्र लोकांपुढे येईल. थोरल्या भावाच्या वेगवान दौडी महाराष्ट्राने मनापासून गौरविल्या आणि ते योग्यच झाले. धाकट्याच्या संथ, चिवट आणि शब्दाला जागणाऱ्या पराक्रमाचे मोल मात्र कमी केले गेले. त्याच्या पाठीशी तोफा ओढणाऱ्या आणि माती खणणाऱ्या नाव नसलेल्या माणसांचे तर झालेच नाही. तोफखान्याचा मान ज्या सर्वत्र या शब्दात सामावला आहे, त्यात धारावीच्या टेकडीलाही जागा मिळाली पाहिजे.